२४७.५ आणि २८२ : दोन मॅट्रिक गुणपत्रिका आणि कॉलेजची वाट

नोव्हेंबर १८८७. राजकोटचा एक अठरा वर्षांचा मुलगा सोबतीला कोणी नसताना पहिल्यांदाच अहमदाबादला निघाला. त्याला मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसायचे होते. निकाल असा लागला : इंग्रजीत २०० पैकी ८९, गुजरातीत १०० पैकी ४५.५, गणितात १७५ पैकी ५९ आणि सामान्य ज्ञानात १५० पैकी ५४. एकूण ६२५ पैकी २४७.५. उत्तीर्णांच्या यादीत क्रमांक ४०४.

वीस वर्षांनंतर, १९०७ साली, त्याच विद्यापीठाची तीच परीक्षा परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणारा एक मुलगा उत्तीर्ण झाला. त्याचे गुण ७५० पैकी २८२.

पहिल्याचे ३९.६ टक्के, दुसऱ्याचे ३७.६. पहिला मोहनदास करमचंद गांधी, दुसरा भीमराव रामजी आंबेडकर.

'मार्क म्हणजे सर्व काही नव्हे' या उपदेशासाठी या दोन गुणपत्रिका समाजमाध्यमांवर दर निकालाच्या दिवशी फिरतात. उपदेश बाजूला ठेवला तर एक इतिहासाचा प्रश्न उरतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती असा आकडा पडल्यावर त्याला कोणते कॉलेज मिळत होते, आणि ते ठरवण्यात त्या आकड्याचा वाटा किती होता? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

आधी परीक्षेची जन्मकथा. १८५४ च्या वुडच्या खलित्यात भारतात विद्यापीठे काढण्याची शिफारस झाली आणि १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे कायद्याने अस्तित्वात आली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. ते विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. शिकवण्याचे काम कॉलेजांचे, विद्यापीठाचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. मुंबई विद्यापीठही अनेक दशके असेच होते : वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत, आहेत त्या परीक्षा. त्यांतली पहिली 'मॅट्रिक्युलेशन'. लॅटिनमध्ये 'मात्रिकुला' म्हणजे नोंदवही. विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव चढवण्यास उमेदवार लायक आहे की नाही, एवढेच ती परीक्षा विचारत होती. कागदोपत्री ती कॉलेजच्या दाराशी घेतलेली चाचणी होती. शाळेचा शेवट असा तिचा अर्थ मुळात नव्हता.

मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. सव्वाशेहून अधिक मुले बसली, उत्तीर्ण झाली वीस-बावीस. त्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले : रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या पिढीला 'कॉलेजची निवड' असा शब्दप्रयोग फारसा उमगलाच नसता. मुंबईत एल्फिन्स्टन आणि पुण्यात पूना कॉलेज, सरकारी उच्च शिक्षणाची मांडणी मुख्यत्वे एवढीच. निफाडला जन्मलेले आणि कोल्हापुरात शिकलेले रानडे, मालवणला जन्मलेले आणि रत्नागिरीच्या शाळेतून आलेले भांडारकर, दोघांचीही वाट एल्फिन्स्टनकडेच आली.

येथे एक प्रसिद्ध फॉरवर्ड निकालात काढणे इष्ट. '१८५८ साली भारतात पहिली मॅट्रिक झाली, इंग्लंडात उत्तीर्ण होण्यासाठी ६५ टक्के लागत, भारतीय निम्म्या बुद्धीचे म्हणून इंग्रजांनी ३३ टक्के ठेवले,' अशी ती कथा. ती पुढे पाठवणारा कोणीही त्या काळातला ठराव, पत्र किंवा नियम दाखवत नाही. सालही जुळत नाही. कलकत्त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५७ ची आणि मुंबईची १८५९ ची. साम्राज्याच्या अहंकाराचे खरे पुरावे इतके विपुल आहेत की खोटे बनवण्याची गरज पडू नये.

दाराशी घेतलेली ही चाचणी शाळेचा कळस कशी झाली, याचे कारण विद्यापीठाहून जुने आहे. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग याने ठराव केला की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य मिळावे. मग 'इंग्रजी शिकलेला' कोण, हे ओळखायचे कसे? विद्यापीठ आले आणि आयते माप मिळाले. कॉलेजात कधीही पाऊल न टाकणारी मुलेही मॅट्रिकला बसू लागली, कारण कचेरीतल्या कारकुनीसाठी तो कागद चालत होता. शाळांनी आपला अभ्यासक्रम त्या परीक्षेभोवती गुंडाळला. १८८२ च्या हंटर आयोगाने हा प्रकार ओळखला आणि हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचवल्या : एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यापार आणि व्यवहारोपयोगी शिक्षणाची. मुंबईत १८८९ पासून 'स्कूल फायनल' नावाची निराळी परीक्षाही सुरू झाली. तरी लोकांच्या तोंडी एकच शब्द राहिला. 'मॅट्रिक' हे विशेषण माणसाला लागू लागले; अमुक मॅट्रिक आहे, तमुक नॉन-मॅट्रिक. परीक्षेचे नाव माणसाच्या दर्जाचे नाव होण्याचे असे उदाहरण मराठीत दुसरे शोधावे लागेल.

म्हणजे निकालाच्या दिवशी मुलापुढे पहिला प्रश्न 'कोणते कॉलेज' हा नसे. 'कॉलेज की नोकरी' हा असे. बहुसंख्य घरांत त्याचे उत्तर गुण पाहून दिले जात नव्हते; घरातली खाणारी तोंडे मोजून दिले जात होते.

गुण मिळवण्याआधी परीक्षेच्या जागी पोहोचावे लागते, ही गोष्ट आज किरकोळ वाटते. मुंबई इलाखा सिंधपासून कानडी मुलखापर्यंत पसरलेला होता. शिवाय काठेवाडातली संस्थाने आणि वऱ्हाडही या परीक्षेच्या कक्षेत येत. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातली मुलेसुद्धा पुढे इंग्रजी शाळांतून मुंबईच्या मॅट्रिकला बसत. गांधी आत्मकथेत सांगतात की त्या वेळी अहमदाबाद आणि मुंबई अशी दोन केंद्रे होती आणि काठेवाडी मुले जवळचे व स्वस्त म्हणून अहमदाबाद पत्करत. हुशारीचा प्रश्न उपस्थित होण्याआधीच गाडीभाड्याचा हिशेब होऊन गेलेला असे.

अंतराची खरी किंमत समजून घ्यायची तर धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' पाहावे. ती परीक्षा मॅट्रिक नव्हे. मराठी सहावीची, सरकारी नोकरीस पात्र करणारी. १८७५ च्या सुमारास मुरूडचा हा मुलगा कोकणातून घाट चढून, शंभरेक मैल पायी तुडवत, साताऱ्याला पोहोचला. वयाची अट सतरा वर्षांची. मुलगा लहानखुरा. परीक्षा समितीने त्याच्याकडे पाहिले, हा सतराचा दिसत नाही असे ठरवले आणि त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. एकही प्रश्न न विचारता लागलेला निकाल! पुढल्या वर्षी कर्वे कोल्हापूरला ती परीक्षा उत्तीर्ण झाले. नंतर इंग्रजी शिकून १८८१ साली मॅट्रिक, आणि मग मुंबईत आधी विल्सन, नंतर एल्फिन्स्टन. १८८४ साली गणित घेऊन ते बी.ए. झाले. साताऱ्यात त्या दिवशी कोणी त्यांना आत घेतले असते, तर एखाद्या तालुक्याला एक कारकून किंवा मास्तर मिळाला असता, अशी शक्यता पुरेपूर आहे.

१८६० ते १८९० या तीस वर्षांत कॉलेजांची संख्या वाढत गेली. पुण्याच्या कॉलेजाचे १८६४ साली डेक्कन कॉलेज झाले. १८६९ साली मुंबईत सेंट झेवियर्स निघाले, १८८० साली कोल्हापूरला राजाराम, १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन. भावनगरच्या महाराजांनी आपल्या दिवाणांच्या स्मरणार्थ सामळदास कॉलेज काढले. आता निवड नावाची गोष्ट शक्य झाली. मात्र आजच्या 'कट-ऑफ'च्या यादीसारखे काही डोळ्यांपुढे आणू नये. त्या काळी कॉलेजांपुढे मुलांच्या रांगा नव्हत्या. मॅट्रिक उत्तीर्ण आहे आणि फी भरतो, एवढ्यावर दार सहसा उघडत असे. अडचण होती ती दारानंतरची : राहायचे कुठे, जेवायचे कुठे, पुस्तके कुठली.

पुण्याला या प्रश्नाचे एक जुने उत्तर होते, माधुकरी आणि वार. गरीब ब्राह्मण विद्यार्थी आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायला जाई. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. कितीतरी नामवंतांचे शिक्षण अशा वारांवर झाले. या व्यवस्थेने खेड्यातल्या निष्कांचन मुलालाही पुण्याचे कॉलेज शक्य केले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण पंगतीला कोण बसू शकतो हे जातीने ठरलेले होते. तितकाच गरीब, तितकेच गुण मिळवणारा मराठा, माळी किंवा महार मुलगा पुण्यात आला तर त्याला वार लावून देणारे घर नव्हते. दोन मुलांचे गुण सारखे, तरी एकासाठी पुणे परवडणारे शहर आणि दुसऱ्यासाठी अशक्य. राजर्षी शाहूंनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि त्यापाठोपाठ निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. त्यांना नेमके काय दिसले होते ते यावरून कळते. शाळा-कॉलेजांची कमतरता त्यांनी पाहिली होतीच, पण मुलाला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळा ताट हवे, हेही त्यांनी पाहिले होते.

ब्राह्मण घरातली गरिबीही सौम्य नव्हती. गोपाळ गणेश आगरकर १८७५ साली अकोल्याहून मॅट्रिक झाले आणि डेक्कन कॉलेजात आले. एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही त्यांची हकिकत शाळेच्या पुस्तकांतून सर्वांनी वाचलेली असते.

आता पुन्हा क्रमांक ४०४ कडे. गांधी घराण्यात आजोबा आणि वडील दिवाण होते. वडील १८८५ साली वारले होते. वडीलधाऱ्यांची इच्छा की मोहनदासांनी कॉलेजात जावे. मुंबई की भावनगर? भावनगर स्वस्त, म्हणून सामळदास. १८८८ च्या आरंभी ते तेथे दाखल झाले आणि त्यांना काहीच उमगेना. प्राध्यापक उत्तम गणले जात. दोष आपल्या कच्चेपणाचा, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पहिले सत्र संपले आणि ते घरी परतले.

येथे गुणपत्रिकेकडे पुन्हा पाहणे उपयोगाचे. इंग्रजीत ८९, म्हणजे ४४.५ टक्के, गुजरातीत जवळपास तितकेच. पण कॉलेजात सगळे विषय इंग्रजीतूनच शिकायचे होते. पुढे १९३८ साली 'हरिजन'मध्ये गांधींनी लिहिले की जे अंकगणित, भूमिती, बीजगणित शिकायला आपल्याला चार वर्षे लागली, ते गुजरातीतून एका वर्षात सहज आले असते. मॅट्रिकच्या गणिताचे १७५ पैकी ५९ गुण कितपत गणिताचे आणि कितपत इंग्रजीचे, हा प्रश्न त्या विधानानंतर सुटा राहत नाही.

घराण्याचे स्नेही मावजी दवे यांनी सुट्टीत जो सल्ला दिला तो त्या काळच्या शिक्षणाच्या बाजारभावाचा अचूक दाखला आहे. बी.ए. व्हायला चार-पाच वर्षे जातील आणि त्यावर फार तर साठ रुपयांची नोकरी मिळेल. दिवाणगिरी मिळणार नाही. त्यापेक्षा विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हावे. बॅरिस्टर होण्यासाठी पदवीची अट नव्हती. ज्याला सामळदास कॉलेज झेपले नाही त्या मुलासाठी लंडन हा अधिक सोपा मार्ग ठरला, कारण तो मार्ग गुणांचा नव्हता, खर्चाचा होता. पैसे भावाने उभे केले.

गंमत अशी की लंडनमध्ये गांधींनी आणखी एक मॅट्रिक दिली, लंडन विद्यापीठाची. म्हणजे जिच्या नमुन्यावर मुंबईची परीक्षा बेतली होती, ती मूळची. पहिल्या खेपेला लॅटिनमध्ये नापास, १८९० साली दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण. मायलेकी दोन्ही परीक्षा पार केलेले हे एक नामवंत उदाहरण. मुंबईच्या मॅट्रिकनंतर तीन वर्षांनी, कोणाच्या आग्रहाविना, लॅटिनसारखी परकी भाषा शिकून त्यांनी ती दिली हे त्या ३९.६ टक्क्यांशेजारी मांडून पाहण्यासारखे आहे.

गुण उत्तम असले म्हणजे सगळे मार्ग मोकळे होत, असेही नव्हते. त्याच सुमारास, डेक्कन कॉलेजात एकच मुलगी शिकत होती : नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी. मुंबई विद्यापीठाने १८८३ साली स्त्रियांना परीक्षांची मुभा दिली होती. १८८८ साली ती प्रथम वर्गात पदवीधर झाली. अशा गुणांवर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळून इंग्लंडात शिकायला जाता येई. ती तिला नाकारण्यात आली. कारण एकच, उमेदवार स्त्री. तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना शिकवले आणि मग इंग्लंडातल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. १८९२ साली तिने कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसल्यामुळे पदवी हाती यायला १९२२ साल उजाडले. गुण आणि त्यांचे फळ यांत तीस वर्षांचे अंतर.

राहिला परळचा मुलगा. त्याच्या २८२ गुणांत एक विषय असा आहे ज्याच्या निवडीला निवड म्हणणे कठीण जाते : फारसी. रामजी सकपाळांची इच्छा होती की मुलांनी संस्कृत शिकावे. शाळेतल्या संस्कृतच्या शिक्षकांनी अस्पृश्य मुलांना ती भाषा शिकवण्यास नकार दिला. म्हणून फारसी. पुढेही बी.ए.ला त्यांचे विषय इंग्रजी आणि फारसी हेच राहिले.

या नकाराची किंमत अपमानाएवढीच नव्हती. तिची रुपयांतही मोजदाद होते. मॅट्रिकमध्ये संस्कृतात सर्वांत वरचे गुण मिळवणाऱ्यास नाना शंकरशेट यांच्या स्मरणार्थ ठेवलेली 'जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती' मिळे. इलाख्यातल्या हुशार मुलांचे ते मानचिन्ह होते, घराघरांत त्या नावाचा दबदबा होता. १९१२ साली चिंतामण द्वारकानाथ देशमुख मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली. पुढे केंब्रिज, मग आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला क्रमांक. देशमुखांच्या बुद्धिमत्तेला त्यात काही उणेपणा येत नाही. पण त्या स्पर्धेच्या उंबऱ्यापाशी काही मुलांना उभेच राहू दिले नव्हते, आणि गुणांच्या यादीत त्यांची अनुपस्थिती 'विषय निराळा' अशा निरुपद्रवी रूपात दिसते. निकालाचा कागद फक्त मिळालेले गुण सांगतो. जो पेपर देताच आला नाही, त्याच्यासाठी त्यावर रकाना नसतो.

भीमरावांच्या २८२ गुणांमागचे घर थोडक्यात असे. एका खोलीत सारे कुटुंब, दिवसा गजबज. अभ्यास होई तो बाकीचे झोपल्यावर. पुस्तकांसाठी सुभेदार मुलीचे दागिने गहाण ठेवून पैसे आणत. एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी आणि नामांकित, तरी तेथेही एकदा शिक्षकांनी फळ्यापाशी बोलावले तेव्हा मागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातल्या मुलांनी ते धावत जाऊन हलवले. अशा स्थितीत ३७.६ टक्के. गांधींचे ३९.६ ज्या घरातून आले, ते दिवाणाचे घर होते. दोन आकड्यांत फरक दोन टक्क्यांचा आहे.

अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला ही घटना इतकी मोठी होती की तिचा जाहीर सत्कार झाला. अध्यक्ष सीताराम केशव बोले. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाला भेट दिले. आज त्या सभेचे नाव पुस्तकाच्या भेटीसाठी निघते, कारण पुढे काय घडले ते सर्वांना माहीत आहे. १९०७ च्या दृष्टीने पाहिले तर तेथली अधिक निकडीची बाब दुसरी होती : केळुसकरांसारखा, संस्थानिकांपर्यंत पोहोच असलेला माणूस त्या मुलाला ओळखू लागला.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. घर मुंबईतच असल्याने वाराची आणि बोर्डिंगची अडचण टळली. कोकणातल्या दापोलीला किंवा साताऱ्याला हे कुटुंब राहिले असते तर काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. इंटरपर्यंत वडिलांनी ओढले. मग पैसे संपले. केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे त्यांना नेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजातले प्राध्यापक म्युलर पुस्तके आणि कपडे देत. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले.

या साखळीतला गुणांचा दुवा शोधू गेले तर तो एकाच ठिकाणी सापडतो : ते उत्तीर्ण झाले होते. २८२ ऐवजी ३५० असते तरी इंटरनंतर पैसे संपलेच असते. आणि उत्तीर्णतेच्या रेषेखाली राहिले असते, तर मात्र केळुसकर, सयाजीराव, म्युलर यांतले कोणीही त्यांना पुढे नेऊ शकले नसते. रेषा ओलांडली की नाही, हे निर्णायक. रेषेच्या किती वर, हे श्रीमंतांच्या आणि शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत शिरू शकणाऱ्यांच्या कामाचे. जुन्या पिढ्या कोणाचेही टक्के न सांगता नुसते 'मॅट्रिक झाला' म्हणत, त्यामागे हाच व्यवहार असावा.

टक्क्यांना आजचे महत्त्व नंतर आले, जेव्हा मॅट्रिक होणाऱ्यांची संख्या कॉलेजांतल्या जागांपेक्षा जास्त होऊ लागली, विशेषतः वैद्यकीय आणि अभियांत्रिकीत. तोवर परीक्षेचे मालकही बदलले होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि १९४९ पासून एस.एस.सी.ची परीक्षा सुरू झाली. विद्यापीठाच्या दारातली चाचणी अखेर शाळेच्या मंडळाकडे गेली. नावाने मात्र ती आणखी कितीतरी वर्षे लोकांच्या बोलण्यात मॅट्रिकच राहिली.

१९५० साली चिंतामणराव देशमुख केंद्राचे अर्थमंत्री झाले. कायदामंत्री तेव्हा डॉ. आंबेडकर होते. वर्षभराहून अधिक काळ मॅट्रिकचा पहिला क्रमांक आणि ७५० पैकी २८२ एकाच मंत्रिमंडळात बसत होते. संस्कृत तोवर आंबेडकर स्वतःच्या प्रयत्नाने शिकले होते.